पर्थची तीस वर्षं

मे २०२५मध्ये बातमी आली, की २०२७च्या हंगामापासून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय रग्बी लीगमध्ये, म्हणजे एनआरएलमध्ये, पर्थचा संघ खेळणार. नाव पर्थ बेअर्स. सिडनीत अभिनंदनाचा सूर होता. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. पर्थला हा संघ नव्याने मिळालेला नाही, तो परत करण्यात आला आहे. १९९५मध्ये पर्थला संघ होता. १९९७च्या अखेरीस तो बंद केला गेला, आणि बंद करताना सांगितलं गेलं ते खर्चाचं आणि अंतराचं कारण. सिडनीहून पर्थ आजही तितकंच लांब आहे, तीन हजार किलोमीटरहून जास्त. फरक एवढाच, की पर्थचं घड्याळ दोन तास मागे असतं. तिथे संध्याकाळी सहाला सुरू झालेला सामना सिडनीच्या घरात रात्री आठला दिसतो, आणि वाहिन्यांना नेमकी तीच वेळ हवी आहे. ज्या अंतराने एक क्लब संपवला, त्याच अंतराची आज बोली लागते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा खेळ. पंधरा जणांच्या रग्बी युनियनशी त्याची फारकत जुनी आहे. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत मुभा, मग चेंडू दुसऱ्याकडे. १९०८मध्ये सिडनीच्या कामगार वस्त्यांत त्याची स्पर्धा सुरू झाली. १९८१पर्यंतच्या इतिहासात मला फारसा रस नाही. सिडनीचे संघ सिडनीच्याच संघांशी खेळत आणि स्वतःला ऑस्ट्रेलिया समजत. १९८२मध्ये कॅनबेरा आणि इलावारा आले, १९८८मध्ये ब्रिस्बेन, न्यूकॅसल आणि गोल्ड कोस्ट, तेव्हा कुठे खिडक्या उघडल्या.

मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पॅरामॅटाच्या बाजूला राहायला आलो. आम्हा मराठी कुटुंबांत क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळाचं नाव निघत नसे. पण सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, बाद फेरीचे सामने यायचे आणि शाळेत जाणारी मुलं आरतीला निळी-पिवळी जर्सी घालूनच उभी राहायची. मुलांच्या मागोमाग आम्हीही मैदानावर जायला लागलो. त्या काळची मैदानं आजच्यासारखी चकचकीत नव्हती. लायकार्ट, ब्रूकव्हेल, कोगरा, बेलमोर, उत्तर सिडनीचं वडाच्या जातीच्या जुन्या झाडांचं ओव्हल: एका बाजूला जुना स्टँड आणि बाकी गवताचा उतार. हजेरी आठ-दहा हजारांची असली तरी माणसं एकमेकांना ओळखत.

तक्रार अशी होती, की हजेरी आठ-दहा हजारांतच अडकली आहे. १९९२मध्ये ब्रॅडली अहवालाने सिडनीतले संघ कमी करायला सुचवलं. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेन ब्रॉंकोज लँग पार्क सोडून शहराच्या दक्षिणेच्या मोठ्या क्वीन एलिझाबेथ स्टेडियमवर गेले आणि तिथे सरासरी चाळीस हजारांवर लोक येऊ लागले. एका शहराला एक संघ दिला की काय होतं, ते देशाने पाहिलं. सिडनीच्या क्लबांच्या संचालकांनीही पाहिलं, पण त्यांनी त्यातून फक्त भीती घेतली.

तरीही १९९५मध्ये लीगने मोठी उडी घेतली, आणि माझ्या मते तो या खेळाच्या शंभर वर्षांतला सगळ्यात धाडसी आणि सगळ्यात योग्य निर्णय होता. एकाच वर्षी चार नवे संघ आले: ऑकलंड वॉरियर्स, टाउन्सव्हिलचे नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज, ब्रिस्बेनचा दुसरा संघ साउथ क्वीन्सलँड क्रशर्स आणि पर्थचे वेस्टर्न रेड्स. एकूण वीस संघ. मार्चमधल्या पहिल्या सामन्यांना ऑकलंड, टाउन्सव्हिल आणि पर्थच्या वाका मैदानावर वीस हजारांहून जास्त माणसं आली. पर्थने तर आपला पहिला सामना सेंट जॉर्जसारख्या जुन्या, मुरलेल्या संघाविरुद्ध जिंकला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या बालेकिल्ल्यात, जिथे लीगचे नियमही निम्म्या प्रेक्षकांना माहीत नव्हते, तिथे हे घडलं. गर्दी कुठून आणायची हा प्रश्न तेव्हाच सुटला होता. ती टिकवायला वेळ कोण देणार, हा प्रश्न होता.

वेळ तीन आठवडेही मिळाला नाही. मार्च संपून एप्रिल लागताना रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज लिमिटेडने खेळाडूंना अफाट रकमांचे करार देऊन ‘सुपर लीग’ नावाची वेगळी स्पर्धा उभी करायला घेतली. पलीकडे जुन्या लीगच्या पाठीशी केरी पॅकर. भांडण पे-टीव्हीच्या हक्कांचं होतं. खेळ त्यात निमित्तमात्र होता. सकाळी खेळाडू एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. खटले उभे राहिले. १९९६च्या पहिल्या फेरीत तर सुपर लीगच्या संघांनी मैदानात यायचंच नाकारलं. १९९७मध्ये एकाच देशात दोन लीग झाल्या, एकीत बारा संघ, दुसरीत दहा. त्या वर्षी न्यूकॅसलने मॅनलीविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत डॅरन अल्बर्टच्या ट्रायने अंतिम सामना जिंकला. माझ्या आठवणीतला तो सर्वांत सुंदर क्षण. पण अर्धे चांगले खेळाडू दुसऱ्याच स्पर्धेत खेळत होते. प्रेक्षक या सगळ्याला कंटाळले आणि घरी बसले. यात त्यांचा काय दोष?

रेड्सचं काय झालं, ते नीट सांगायला हवं, कारण सिडनीच्या स्तंभांतून वर्षानुवर्षं ते चुकीचं सांगितलं गेलं. लीगमध्ये प्रवेश देताना पर्थवर अट होती, की पाहुण्या संघांच्या विमानाचा आणि मुक्कामाचा खर्चही त्यांनीच सोसावा. बाकीच्या क्लबांना पर्थला खेळायचं होतं, पण पर्थच्या पैशाने. ही अट लावून मग क्लब कर्जात गेला म्हणून नाक मुरडायचं, हा अन्याय होता आणि आहे. रेड्स सुपर लीगकडे गेले, नाव बदलून पर्थ रेड्स झाले, आणि दोन लीगमध्ये तह झाल्यावर बंद झाले. क्रशर्सही गेले. न्यूकॅसलमध्ये कारण नसताना उभे केलेले हंटर मरिनर्स एका हंगामात गेले, अ‍ॅडलेड रॅम्स दोन हंगामांत. आयपीएल क्रिकेटमध्ये २०११ला आलेला पुणे वॉरियर्स संघ २०१३नंतर कसा नाहीसा झाला, हे ज्यांनी गहुंज्याला पाहिलं त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

न्यूजने मग मेलबर्न स्टॉर्म उभा केला आणि त्यात रेड्स-मरिनर्सचे खेळाडू नेले. दुसऱ्याच वर्षी, १९९९मध्ये, स्टॉर्म अंतिम सामन्यात पोचला. नव्या ऑलिंपिक स्टेडियमवर १,०७,९९९ प्रेक्षक होते. लीगच्या सामन्याला एवढी गर्दी ऑस्ट्रेलियात त्याआधीही झाली नाही आणि नंतरही नाही. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी ट्राय मिळाल्यावर विजयी गोल मारला मॅट गायरने, आणि गायर पर्थहून आलेला. रॉडनी हाउ आणि रॉबी कर्न्सही रेड्सचेच. जो क्लब टिकण्यासारखा नव्हता म्हणतात, त्याच्या खेळाडूंनी दोन वर्षांत दुसऱ्या शहराला अजिंक्यपद मिळवून दिलं. मेलबर्नमध्ये ऑलिंपिक पार्कवर हजेरी कित्येक वर्षं बेताचीच होती, तरी मालकाने पैसे ओतले आणि वाट पाहिली. मेलबर्नची बाजारपेठ त्यांना हवी होती. पर्थच्या वाट्याला ती सबुरी आली नाही.

त्याच वर्षी हजेरीच्या आकड्याचं हत्यार झालं. २०००मध्ये चौदाच संघ ठेवायचे ठरलं, आणि कोण राहणार हे ठरवायला निकष आले: घरच्या मैदानावरचे प्रेक्षक, बाहेरच्या मैदानांवरचे प्रेक्षक, तिकिटांचं उत्पन्न, प्रायोजक, नफा, गुण. ज्या वर्षांत खेळाच्या मालकांनीच प्रेक्षकांना हाकलून लावलं, त्याच वर्षांची हजेरी मोजून क्लबांना फाशी दिली गेली. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज एकत्र झाले. सेंट जॉर्ज आणि इलावारा आधीच एक झाले होते. १९०८च्या संस्थापक क्लबांपैकी नॉर्थ सिडनी बेअर्स गॉस्फर्डला जायच्या तयारीत होते. पावसाने तिथलं स्टेडियम लांबलं, कर्ज चढलं, आणि त्यांना कट्टर शेजारी मॅनलीशी जबरदस्तीने जोडण्यात आलं. तो नॉर्दर्न ईगल्स नावाचा संघ तीन हंगामांत मोडला, मॅनली परत मॅनली झाली, बेअर्स लीगमध्ये उरले नाहीत.

साउथ सिडनीला थेट बाहेर काढलं. त्यावर लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर २०००च्या मोर्चाला ऐंशी हजार माणसं असल्याचं सांगतात. लाल-हिरवे झेंडे घेतलेले आजोबा आणि नातवंडं शहराच्या मध्यात चालत होती, आणि त्यांत कधीच मैदानावर न जाणारे लोकही होते. हजेरीच्या कुठल्या रकान्यात हे बसवणार? २००१च्या जुलैत फेडरल कोर्टाच्या अपिलात साउथ्स जिंकले आणि २००२मध्ये परतले. पुढे हायकोर्टाने निकाल फिरवला, पण तोवर त्यांना पुन्हा बाहेर काढायची हिंमत कोणात नव्हती. २०१४मध्ये त्यांनी त्रेचाळीस वर्षांनी अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा स्टेडियमवर ८३,८३३ माणसं होती.

साउथ्स परतल्यानंतरच्या वीस वर्षांबद्दल लिहावंसं वाटत नाही. २००७मध्ये गोल्ड कोस्ट परत आला आणि सोळा संघ झाले. मग प्रक्षेपणाचे करार, पगारमर्यादेचे घोटाळे, समित्या, आणि विस्ताराच्या प्रत्येक मागणीला एकच उत्तर: आत्ता नाही. १९९५ची भीती घालून एक अख्खी पिढी गप्प बसवली गेली.

ती भीती २०२३मध्ये खोटी ठरली. रेडक्लिफचा जुना क्लब डॉल्फिन्स या नावाने ब्रिस्बेनचा दुसरा संघ झाला. ब्रिस्बेनचे प्रेक्षक विभागले जातील, हा क्रशर्सच्या वेळचा युक्तिवाद पुन्हा पुढे आला. डॉल्फिन्सच्या पहिल्या सामन्याला लँग पार्कवर बत्तीस हजार आले, संघाने सिडनी रूस्टर्सना हरवलं, आणि ब्रॉंकोजची हजेरी घटायच्या ऐवजी वाढली. शेजारी प्रतिस्पर्धी असला की माणूस जास्त वेळा मैदानावर जातो. हे सिडनीच्या उपनगरांनी सत्तर वर्षं दाखवलं होतं.

आता २०२८मध्ये पापुआ न्यू गिनी येणार. तिथे लीग हा राष्ट्रीय खेळ आहे, त्यामुळे त्यांच्या हक्काबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ऑस्ट्रेलियन सरकारने दहा वर्षांत साठ कोटी डॉलर देऊ केले ते पॅसिफिकमध्ये चीनला रोखण्यासाठी, आणि त्या वेळी पंतप्रधान होते अँथनी अल्बनीज, जे साउथ्सच्या लढ्याच्या वर्षांत त्या क्लबच्या संचालक मंडळावर होते. परराष्ट्र धोरण बदललं तर पोर्ट मोर्सबीच्या पोरांचं काय, हे त्यांनी तरी विचारायला हवं होतं.

आणि पर्थ. बेअर्सचं नाव आणि लाल-काळा रंग त्यांना दिला, उत्तर सिडनीच्या जुन्या चाहत्यांना त्यात समाधान मानायला सांगितलं. ते मानतीलही, पंचवीस वर्षं उपाशी राहिलेली माणसं आहेत. मला काळजी कराराची आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने सात वर्षांसाठी पैसे कबूल केले आहेत. पर्थच्याच वर्षी जन्मलेल्या काउबॉइजचा हिशोब पाहा. पहिल्या सहा हंगामांत ते तीनदा तळाला राहिले. सातव्या हंगामात चौदा संघांत तेरावे. बाद फेरी पहिल्यांदा २००४मध्ये, दहाव्या हंगामात. अजिंक्यपद २०१५मध्ये, जॉनथन थर्स्टनच्या जादा वेळेतल्या ड्रॉप गोलवर, एकविसाव्या हंगामात. आज टाउन्सव्हिलशिवाय ही लीग कुणाला कल्पनेतही दिसत नाही. सात वर्षांच्या करारावर मोजलं असतं, तर तो क्लब २००१मध्ये बंद झाला असता. पर्थला निदान वीस वर्षं लिहून द्या, आणि पाहुण्यांची विमानाची तिकिटं या वेळी लीगने काढावीत.