डोळे मिटले, तरी कान जागे

रोवणीचे दिवस आले की चिमूर भागातल्या दवाखान्यांत पहाटेची धावपळ वाढते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस तीन-चार वाजता पोट दुखतं म्हणून उठतो. अंगावर सूज नसते, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. घरचे ओवा-पाणी देतात. उजाडता उजाडता पापण्या खाली येऊ लागतात, तेव्हा कुणाला तरी मण्यार आठवते.

अशाच एका पहाटे मी वॉर्डात डॉक्टरांच्या मागे उभा होतो. खाटेवर पंचविशीतला मजूर. डॉक्टर म्हणाले, "वर बघा." पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. "मान उचला." डोकं उशीवरून जेमतेम सुटलं. "आता एका दमात अंक म्हणा." तो सोळापर्यंत गेला. सिस्टरनी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. ते नीट गोठलं, तशी घोणस-फुरशाची शक्यता मागे पडली.

मग सापाच्या इंजेक्शनची तयारी झाली. सुरुवातीला १० कुप्या लागतात. कुपीतल्या कोरड्या भुकटीत पाणी घालून सिस्टर ती तळहातांमध्ये हळू फिरवत होत्या. जोरात हलवली तर फेस येतो, कारण आतला ऐवज प्रथिन असतो: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोडं थोडं टोचलेल्या घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं. विषसुद्धा प्रथिनच. त्या तरुणाच्या रक्तात आता दोन्ही प्रथिनं समोरासमोर होती.

सलाईन चालू असतानाही अंकांची मोजणी थांबली नाही. सोळाचे अकरा झाले, अकराचे सात. आवाज नाकातून येऊ लागला, लाळ गिळता येईना. डॉक्टरांनी वेळ न घालवता श्वासनलिकेत नळी घातली आणि ॲम्बू बॅग दाबायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तो निपचित झाला. बॅटरीच्या उजेडानेही बुबुळं आकसेनात. दाराशी उभ्या म्हाताऱ्या बापाने विचारलं, "गेला का जी?"

डॉक्टर म्हणाले, "बाबा, मोटार शाबूत आहे, फक्त वायर पंपाशी जळली आहे." मग वाकून ते रुग्णाच्या कानाशी बोलले, "ऐकू येत असेल तर पायाचं बोट हलवा." अंगठा किंचित हलला.

अंग निपचित, तरी कान जागे, हे कसं घडतं, याचं उत्तर रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या बंदोबस्तात आहे. पाऊल एर्लिश यांनी १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा बाकी अवयव रंगले, मेंदू जवळपास कोराच राहिला. त्यांचे विद्यार्थी गोल्डमन यांनी १९१३ साली रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू रंगला, बाकी शरीर नाही. अडवणूक नेमकी कुठे होते, ते १९६७ साली रीझ आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. त्यांनी रक्तात एक प्रथिनच सोडलं होतं. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की ते त्या सांध्यांशीच अडलं.

म्हणून रक्तद्रवाच्या १०० मिलिलिटरमध्ये ६ ते ८ ग्रॅम प्रथिन असतं, तर मेंदूभोवतीच्या, तपासणीसाठी पाठीतून काढलेल्या पाण्यात जेमतेम १५ ते ४५ मिलिग्रॅम. मेंदूज्वरात हा आकडा चढतो, कारण बंदोबस्त सैल पडतो. एरवी चरबीत विरघळणारे ४००-५०० डाल्टन वजनापर्यंतचे छोटे रेणू तेवढे आपोआप पार होतात. प्रथिनांपैकी इन्सुलिन किंवा लोह वाहणारं ट्रान्सफेरिन आत जातं, पण पेशीच्या पृष्ठभागावर त्यांच्यासाठी खास ग्राहक असतात म्हणून. ते त्यांना धरतात आणि पेशीतून पलीकडे नेतात.

मण्यारच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन सुमारे २१,००० डाल्टनचं. त्याच्यासाठी असा ग्राहक नाही. ते मेंदूत सहसा पोचत नाही, पण मेंदूबाहेर, मज्जातंतू स्नायूला जिथे भेटतो तिथे असा पहारा नसतो. तिथली तंतूंची टोकं ते निकामी करतं. पापणी, जीभ, छातीचा पडदा, सगळं थांबतं. शुद्ध मात्र राहू शकते. प्राणवायू कमी पडला, तरच मेंदूला खरी इजा होते.

इंजेक्शनची मर्यादाही इथेच कळते. रक्तात फिरणारं विष प्रतिपिंडं पकडतात, पण निकामी झालेलं टोक ती दुरुस्त करू शकत नाहीत. टोकं नव्याने फुटायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. त्या तरुणाला १०८ च्या गाडीतून मोठ्या रुग्णालयात नेलं, तेव्हा बॅग दाबणारा हात वाटेतही थांबणार नव्हता.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२४ मध्ये जाहीर झाला आहे. आपल्या हातात आहे ते एवढं: पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा, पहाटेच्या पोटदुखीबरोबर पापण्या जड झाल्या तर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठा. आणि मण्यार चावलेला माणूस निपचित पडला म्हणून खाटेशी रडारड करू नका, त्याच्याशी बोला. तो बहुधा ऐकत असतो.