व्हिडिओ बघून मँडोलिन शिकता येतं का? हो, पण गुरूचं एक काम तुम्हालाच करावं लागतं

'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये मोहरीच्या पिवळ्याधमक शेतात उभा असलेला राज आठवतोय? त्याच्या हातातलं ते छोटंसं वाद्य म्हणजे गिटार नव्हे, मँडोलिन. १९९५ सालच्या या सिनेमामुळे अनेकांनी हे वाद्य पहिल्यांदा पाहिलं, पण ते शिकवणारं कुणी जवळपास सापडणं तेव्हाही कठीण होतं आणि आजही आहे. गिटारचे क्लास गल्लोगल्ली असतात, मँडोलिनचे नसतात.

त्यामुळे आज मँडोलिन शिकायची इच्छा झाली की माणूस सरळ यूट्यूब उघडतो. तिथे पहिल्या धड्यापासून अवघड तंत्रापर्यंत सगळं आहे आणि बरंचसं फुकट आहे. मग वाद्य ऑनलाइन मागवलं जातं, दोन-तीन आठवडे उत्साहात जातात आणि त्यानंतर ते कपाटावर जाऊन बसतं. "आपल्यात ती कलाच नाही," असं म्हणून विषय संपतो.

खरं कारण बऱ्याचदा वेगळं असतं. व्हिडिओ सगळं दाखवतो, पण तुमचं वाजवणं ऐकत नाही. ते ऐकण्याचं काम स्वतः कसं करायचं, हे समजून घेऊया.

मँडोलिन नेमकं कसं असतं?

मँडोलिनला आठ तारा असतात, पण त्या चार जोड्यांमध्ये लावलेल्या असतात. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात लावायच्या आणि एकदमच छेडायच्या. त्यामुळे आवाज चमकदार होतो. जाड तारांकडून बारीक तारांकडे गेलं तर स्वर असे: जी, डी, ए, ई. व्हायोलिनचंही असंच असतं.

पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमात असते. म्हणजे पहिली जोडी 'सा' धरली तर दुसरी 'प' होते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं बरंच सोपं जातं.

आज दिसतं त्या रूपातलं मँडोलिन अठराव्या शतकात इटलीतल्या नेपल्समध्ये घडलं. पाठीकडून ते अर्ध्या भोपळ्यासारखं गोल होतं. पुढे अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सनने कोरीव लाकडाचं, चपट्या पाठीचं मँडोलिन बनवलं आणि १८९८ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. बिल मन्रो या वादकाने याच घराण्यातलं वाद्य हातात घेऊन ब्लूग्रास ही संगीतशैली उभी केली.

भारतात या वाद्याने वेगळंच वळण घेतलं. संगीतकार सज्जाद हुसेन मँडोलिनवर निष्णात होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिन वाजवायचे. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी पाच तारांच्या इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून दाखवलं.

घरबसल्या शिकणं ही नवी गोष्ट आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेत हॅपी ट्रॉम या गिटारवादकाने १९६७ मध्ये 'होमस्पन टेप्स' सुरू केलं. टेपवर धडे रेकॉर्ड करून ते टपालाने पाठवले जायचे. शिकणारा टेप मागे-पुढे करत बसायचा. आज आपण व्हिडिओ मागे-पुढे करतो, इतकाच फरक.

व्हिडिओचे फायदेही खरेच आहेत. तोच धडा पन्नास वेळा बघितला तरी समोरचा वैतागत नाही. बोटं कुठे आहेत ते जवळून दिसतं. यूट्यूबवर वेग ०.५ किंवा ०.७५ केला तर गाणं संथ होतं, पण सूर तोच राहतो.

अडचण उलट दिशेने आहे. क्लासमध्ये गुरू पहिल्या मिनिटाला म्हणतात, "मनगट सैल सोड" किंवा "तिसरी जोडी उतरलीये". व्हिडिओतला शिक्षक हे म्हणू शकत नाही. तुमची तार बेसूर असली तरी तो हसतमुखाने पुढच्या धड्याकडे वळतो. म्हणूनच मँडोलिनवादक माईक मार्शल यांच्यासारखे कलाकार ऑनलाइन शिकवतात तेव्हा विद्यार्थ्याने आपला व्हिडिओ पाठवायचा आणि शिक्षकाने त्यावर व्हिडिओतूनच उत्तर द्यायचं, अशी सोय असते. पैसे मोजले जातात ते या उत्तरासाठी.

चूक माझी की वाद्याची?

नवशिक्याला सर्वात जास्त छळणारा प्रश्न हाच. तार दाबली की खरखर होते, बोटं सोलवटतात, आवाज बसका येतो आणि माणूस स्वतःलाच दोष देतो.

स्वस्त मँडोलिन अनेकदा नीट जुळवणी न करताच खोक्यातून येतं. तारा फ्रेटपासून, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पडद्यांपासून, फार उंच असतात. बाराव्या फ्रेटपाशी हे अंतर साधारण दीड ते दोन मिलिमीटर असेल तर वाजवणं सुसह्य असतं. ते याहून बरंच जास्त असेल तर सराईत वादकाचीही बोटं दुखतील.

दोष ओळखायची एक सोपी पद्धत आहे. प्रत्येक जोडीवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा. बोट पडद्याच्या अगदी मागे, खुंट्यांच्या बाजूला टेकवा. बोट जरा सरकवल्यावर खरखर गेली तर चूक बोटाची होती. कितीही सरकवलं तरी ती एकाच फ्रेटवर कायम राहिली, तर वाद्य दाखवून घ्या. गिटार दुरुस्त करणारे कारागीर सहसा हे कामही करतात.

आणखी एक धोका तारा बदलताना असतो. बहुतेक मँडोलिनची घोडी म्हणजे ब्रिज चिकटवलेला नसतो, तो तारांच्या दाबानेच जागेवर उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो निसटतो आणि सुरांची जागाच बदलते. म्हणून एका वेळी एकच तार बदलायची. ब्रिज जागेवर आहे का, हे तपासायचं असेल तर मोकळी तार ट्यूनरवर बरोबर लावा आणि मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. ट्यूनर तो चढा किंवा उतरता दाखवत असेल तर ब्रिज हलला आहे.

रोज सुरुवात कुठून करायची?

सूर लावण्यापासून, आणि तेही रोज. खुंट्याजवळ अडकवायचा क्लिप ट्यूनर किंवा मोबाईलमधलं अ‍ॅप पुरतं. जोडीतली एक तार आधी बरोबर लावा, मग दुसरी तिच्याशी मिळवा. दोन्हींत किंचित फरक असला तर आवाजात 'वॉव-वॉव' अशी लाट ऐकू येते. स्वर जवळ येतील तशी ती लाट मंदावते आणि मिळाले की थांबते. ही लाट ओळखता येणं हा कानाचा पहिला धडा. नंतर सातव्या फ्रेटवर पडताळा घ्या: कुठल्याही जोडीचा सातवा फ्रेट पुढच्या मोकळ्या जोडीशी मिळायला हवा.

आता पहिलं सप्तक. सर्वात जाड जोडी मोकळी छेडा, मग दुसरा, चौथा आणि पाचवा फ्रेट. झाले सा, रे, ग, म. पुढच्या जोडीवर पुन्हा मोकळी, दुसरा, चौथा, पाचवा. हे प, ध, नी आणि वरचा सा. बोटं अनुक्रमे पहिलं, दुसरं, तिसरं. हाच साचा एक जोडी पुढे सरकवला की दुसऱ्या पट्टीतलं सप्तक तयार.

मोबाईलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असेल तर ते पांढरी पाचवर लावा आणि हे सप्तक त्याच्याबरोबर संथ वाजवा. बेसूर तार लगेच टोचते. इथे तानपुरा तुमच्यासाठी गुरूच्या कानाचं थोडं काम करतो.

गिटार येणाऱ्यांसाठी एक सूचना. मँडोलिनच्या जोड्यांचा क्रम गिटारच्या चार जाड तारांच्या बरोबर उलटा असतो, त्यामुळे गिटारच्या कॉर्डचे आकार इथे तसेच चालत नाहीत. शिवाय फ्रेट जवळजवळ असल्याने एक बोट दोन-दोन फ्रेट सांभाळतं.

पहिल्या तीन कॉर्ड कोणत्या?

व्हिडिओंमध्ये खालच्यासारखे चार आकडे दिसतात. जाड जोडीकडून बारीक जोडीकडे वाचायचं. आकडा फ्रेटचा, शून्य म्हणजे मोकळी तार.

जी: ०-०-२-३
सी: ०-२-३-०
डी: २-०-०-२

तिन्ही दोनच बोटांत वाजतात. जी आणि सी नीट पाहा: बोटांचा आकार तोच आहे, फक्त एका जोडीने जाड तारांकडे सरकला आहे. या तीन कॉर्डवर असंख्य सोप्या चाली वाजतात.

काही व्हिडिओ मात्र पहिल्याच आठवड्यात ७-५-२-३ अशी जीची कॉर्ड दाखवतात. ब्लूग्रासमध्ये 'चॉप' नावाचा तुटक ठेका याच आकाराने धरतात. त्याला चारही बोटं लागतात आणि ताणही बराच पडतो. ती जमत नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही, ती काही महिन्यांनंतरची गोष्ट आहे. व्हिडिओच्या शीर्षकात 'बिगिनर' लिहिलंय म्हणून तो धडा पहिला ठरत नाही. एका शिक्षकाची क्रमवार मालिका निवडून ती संपेपर्यंत तिथेच राहणं जास्त फायद्याचं.

उजव्या हाताकडे दुर्लक्ष का होतं?

कारण कॅमेरा बहुतेक वेळ डाव्या हातावर असतो. मँडोलिनचा जीव मात्र उजव्या हातात आहे. तारेचा नाद लवकर विरतो, म्हणून लांब स्वर टिकवायला पिक खाली-वर झपाट्याने फिरवावं लागतं. यालाच ट्रेमोलो म्हणतात. त्याची सुरुवात मेट्रोनोमवर मिनिटाला ६० ठोके लावून करावी: आधी ठोक्याला दोन फटके, मग चार. पिक गिटारपेक्षा थोडं जाड, साधारण एक मिलिमीटरहून अधिक असलेलं बरं. पकड इतकीच हवी की पिक पडणार नाही.

बोटांची टोकं सुरुवातीला दुखतातच, कारण स्टीलच्या दोन तारा एकदम दाबायच्या असतात. कातडी टणक झाली की ते कमी होतं. मनगटात किंवा कोपरापर्यंत कळ येणं, बोटांना मुंग्या येणं हे मात्र वेगळं. तसं झालं तर थांबा आणि हात कसा धरलाय ते तपासा. त्रास राहिलाच तर डॉक्टरांना दाखवा.

मग गुरूचं काम कसं करायचं?

मोबाईल समोर ठेवा आणि रोज एक मिनिट स्वतःला रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना सगळं लक्ष बोटांवर असतं, त्यामुळे चुका ऐकूच येत नाहीत. ऐकताना तीनच प्रश्न विचारा: ठेका कुठे घसरला? कुठला स्वर खरखरला? जोडीतल्या दोन्ही तारा वाजल्या का? उत्तरातली एकच चूक निवडा आणि त्या दिवशी फक्त तिच्यावर काम करा.

चाल निवडताना ओळखीची निवडा. 'हॅपी बर्थडे' चालेल, शाळेतली प्रार्थना चालेल. इंग्रजी धड्यांमध्ये बहुतेक अमेरिकन लोकधून असतात. त्या सुंदर आहेत, पण मूळ चालच कानात नसेल तर आपण चुकतोय हे कळणार कसं? जी चाल गुणगुणता येते, तिच्यातला चुकीचा स्वर कान आपोआप पकडतो.

वेळेची वाटणीही महत्त्वाची. अर्धा तास असेल तर व्हिडिओला दहा मिनिटं, वाद्याला वीस. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण बोटांना ते अजून समजलेलं नसतं.

आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एखाद्या जाणकाराला वाजवून दाखवा. मँडोलिन शिकवणारे नसतील तर व्हायोलिन शिकवणाऱ्यांना सूर आणि डाव्या हाताची बोटं दाखवता येतील, गिटार शिकवणाऱ्यांना पिकचा हात. अर्ध्या तासाच्या एका भेटीत तुमच्या दोन चुका कळल्या, तरी पुढचे दहा व्हिडिओ कशासाठी बघायचे हे ठरतं.