पिंग जातं, मग माउंट का होत नाही?

इंदूरच्या एका दर्शकांचा प्रश्न आहे. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात उबुंटू. घरातल्या दुसऱ्या लिनक्स संगणकावरचा एनएफएस फोल्डर त्या उबुंटूला जोडायचाय. पिंग जातं, माउंट मात्र होत नाही. रोजचा बॅकअप तिथेच घ्यायचा असल्यामुळे काम अडलंय.

आधी सांगा, संदेश नेमका काय आला? 'जोडत नाही' याला आम्ही फौजेत रिपोर्ट म्हणत नसू. बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' आलं, तर निरोप पोचलाच नाही, पत्ता आणि फायरवॉल बघा. झटकन 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर बहुधा सर्व्हरच्या २०४९ पोर्टवर कुणी ऐकत नाही, म्हणजे एनएफएस सेवा सुरू नाही. पण यांना आलं 'ॲक्सेस डिनाइड'. म्हणजे सर्व्हरने ऐकलं आणि नाही म्हटलं! इथे फायरवॉल बंद करून काही मिळणार नाही. (ती सवय एरवीही वाईटच.)

नकार का? व्हर्च्युअलबॉक्स नव्या मशीनला मुळात नॅट पद्धतीचं नेटवर्क देतो. आत उबुंटूला वाटतं, आपला पत्ता १०.०.२.१५. बाहेर मात्र सगळं जातं विंडोजच्या पत्त्यावरून. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये १०.०.२.१५ लिहून उपयोग नाही, तो पत्ता सर्व्हरला कधी दिसतच नाही.

बरं, विंडोजचा पत्ता लिहिला तरी नकार येतो, आणि इथेच लोक चक्रावतात. युनिक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला वापरता येत. तिथून विनंती आली की माणूस अधिकृत, असा जुना हिशेब. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर आजही मुळात तेच तपासतो. उबुंटू नियमाप्रमाणे खालचा पोर्ट घेऊनच निघतो, पण नॅट वाटेत तो बदलून वरचा देतो. पास बरोबर, शिक्का चुकीचा. गेटवरचा संतरी परत पाठवणारच. पिंगला पोर्टच नसतो, म्हणून ते बिनबोभाट जातं.

उपाय दोन. एक्सपोर्ट्समध्ये त्या ओळीला 'इनसिक्युअर' पर्याय जोडा आणि 'एक्सपोर्टएफएस -आरए' चालवा. नाव भीतीदायक असलं तरी घरच्या नेटवर्कवर फार बिघडत नाही. मला दुसरा पसंत आहे: मशीनचं नेटवर्क नॅटवरून ब्रिज्ड करा. मग उबुंटूला राउटरकडून स्वतःचा पत्ता मिळतो, तो पक्का करून एक्सपोर्ट्समध्ये लिहा. वायफायवर ब्रिज्ड कधीकधी चालत नाही, केबल लावा.

आता बॅकअपचं. एफएसटॅबमध्ये 'नोफेल' लिहिलं की सर्व्हर बंद असला तरी उबुंटू सुरू होतो. सोयीचं आहे, पण तेव्हा माउंटचा फोल्डर म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या डिस्कवरचा साधा रिकामा फोल्डर. स्क्रिप्ट तिथेच मुकाट लिहीत राहते, चूक म्हणून काही दिसत नाही. पुढे माउंट झालं की त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातात, आणि सर्व्हरवर त्या दिवसांचं काहीच नसतं. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'माउंटपॉइंट' ही आज्ञा त्या फोल्डरवर चालवा, आणि उत्तर नाही आलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा.