‘कार्ड काढलंच नाही, आता कुठली योजना?’

घरातल्या माणसाच्या हृदयात अडथळा निघतो, किंवा गाठीचा तपासणी अहवाल वाईट येतो, आणि डॉक्टर खर्चाचा आकडा सांगतात. जमलेल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं नाव काढतं. त्यावर दुसरं कुणीतरी अगदी खात्रीने सांगतं, ‘पण आपण कार्ड कुठे काढलंय? त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.’ विषय तिथेच संपतो आणि दागिने गहाण ठेवण्याची बोलणी सुरू होतात. हे वाक्य खेड्यात ऐकू येतं, तसंच पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांतही. ते चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत लाखांत मोजावी लागते, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घ्यायला हवा.

या योजनेसाठी वेगळा अर्ज नाही. पात्रता ठरते ती रेशनकार्डावरून, आणि ते बहुतेक घरांत आधीपासूनच असतं. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिचं नाव बदललं, पण रचना तीच राहिली. योजनेत सामील असलेल्या प्रत्येक रुग्णालयात, म्हणजे सरकारी भाषेत अंगीकृत रुग्णालयात, एक कक्ष असतो आणि तिथे आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र त्याला दाखवायचं, तो रुग्णाची नोंदणी करतो. डॉक्टरांनी सुचवलेला उपचार योजनेच्या यादीत असेल तर रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं, ती आली की उपचार होतात आणि बिल परस्पर योजनेकडे जातं. तातडीच्या वेळी ही मंजुरी फोनवरून कळवून घेण्याची सोय आहे, कागद मागाहून जोडता येतात. योजनेत शिरण्याचं दार रुग्णालयातच आहे. आजारी पडण्याच्या सहा महिने आधी सेतू केंद्रात जाऊन अर्ज भरून ठेवावा लागतो, ही कल्पनाच या रचनेत बसत नाही.

मग हा समज आला कुठून? त्याचं मूळ केंद्राच्या योजनेत आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. तिचे लाभार्थी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेतून निवडले गेले: गावांत अभावाच्या निकषांवर, शहरांत कचरावेचक, घरकामगार, फेरीवाले अशा व्यवसायांवर. यादीच वेगळी असल्यामुळे त्या यादीतल्या माणसाची ओळख पटवायला आयुष्मान कार्ड आलं. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. रुग्णालय एक, कक्ष एक, आरोग्यमित्र एक. जाहिराती मात्र बहुतांशी कार्डाच्या झाल्या, गावोगाव कार्ड काढण्याची शिबिरं लागली, आणि लोकांच्या मनात कार्ड म्हणजेच योजना असं समीकरण बसलं. मोबाइलवर नाव शोधून ‘यादीत नाही’ असं उत्तर आलं की लोक हात टेकतात. ती यादी २०११ ची आहे. त्यानंतर लग्न होऊन आलेली सून किंवा जन्मलेलं मूल तिच्यात कसं सापडेल? शिवाय केंद्राच्या यादीत नाव नसणं म्हणजे राज्याच्या योजनेतूनही बाद होणं नव्हे. केंद्राच्या नोंदींवर किती विसंबावं, याबद्दल नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल बोलका आहे: एकाच मोबाइल क्रमांकाला सुमारे साडेसात लाख लाभार्थी जोडलेले सापडले. मोबाइल क्रमांकावरून पात्रता ठरत नाही, असा खुलासा सरकारने केला, आणि तो मान्य केला तरी नोंदी किती निष्काळजीपणे भरल्या गेल्या हे लपत नाही. अशा यादीत नाव दिसलं नाही म्हणून बायपास पुढे ढकलणं हा शुद्ध अन्याय आहे, आणि तो आपणच आपल्या माणसावर करतो.

यावर लगेच आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही: ‘कागदावर काहीही असो, रुग्णालयात कार्ड मागतातच, नाहीतर परत पाठवतात.’ कार्ड असलं की आधारशी जुळणी चटकन होते आणि केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाला राज्याबाहेरच्या अंगीकृत रुग्णालयातही उपचार घेता येतात. म्हणून ते जरूर काढावं. ते फुकट मिळतं. आशा सेविका, आपले सरकार सेवा केंद्र आणि खुद्द रुग्णालयातला आरोग्यमित्रही त्यात मदत करतो. त्यासाठी पाचशे-हजार रुपये मागणारा माणूस दलाल असतो, त्याला एक रुपयाही देऊ नये. पण कार्ड असणं सोयीचं आणि कार्ड नसेल तर हक्क नाही, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रुग्णालय परत पाठवतं तेव्हा कारण पुष्कळदा वेगळंच असतं. ते रुग्णालय योजनेत आहे, पण त्या विशिष्ट उपचारासाठी नाही. किंवा तो उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहे. असे काही उपचार आहेत. किंवा रेशनकार्ड जुनं, हाताने लिहिलेलं आहे आणि त्याची बारा अंकी ऑनलाइन नोंद झालेली नाही. किंवा योजनेचे दर परवडत नाहीत, म्हणून रुग्णालयालाच हा रुग्ण नको आहे. या चारही कारणांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्या दोन्हींत आरोग्यमित्राकडून दुसऱ्या रुग्णालयाचं नाव घ्यायचं. तिसऱ्यात घरच्या एकाने त्याच दिवशी तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात जायचं. चौथ्यात टोल फ्री क्रमांकावर तक्रार करायची. ‘कार्ड नाही’ हे एकच उत्तर ऐकून घरी परतणारा माणूस यापैकी काहीच करू शकत नाही, कारण नेमकं कारणच त्याला कळलेलं नसतं. म्हणून नकार मिळाला की कारण विचारावं, आणि ते लेखी मागावं.

दुसरा समज उत्पन्नाचा. ‘आमचं पांढरं कार्ड, आम्हाला कोण देणार?’ हे २०२४ च्या जूनपर्यंत बव्हंशी खरं होतं. तोवर राज्याची योजना पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती, आणि पांढऱ्या कार्डांपैकी फक्त औरंगाबाद व अमरावती विभागांतल्या आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या शेतकरी कुटुंबांसाठी. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती भिंत पाडली आणि १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजना लागू झाली. आता कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं, अधिवास प्रमाणपत्र असलेल्या कुटुंबांनाही त्यात घेतलं आहे, आणि कुटुंबाचं वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आहे. त्यावर काही जण विचारतात, सुखवस्तू माणसाला सरकारी पैशातून उपचार कशाला? प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे पांढरं कार्ड म्हणजे सुखवस्तू घर असं गृहीत धरलेलं आहे, आणि ते हिशोबात टिकत नाही. तीन रंगांची कार्डं १९९९ मध्ये आली. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, एक लाखाच्या पुढे पांढरं. ती लाखाची मर्यादा पाव शतक जागची हललेली नाही. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. नवरा-बायको दोघांना वर्षात प्रत्येकी दोनशे दिवस त्या दराने काम मिळालं, तर घरात १ लाख १८ हजार ८०० रुपये येतात. म्हणजे नियम अक्षरशः लावला तर मातीकाम करणारं जोडपं पांढऱ्या कार्डात बसतं. अशा मोजपट्टीवर कुणाला कॅन्सरचे उपचार द्यायचे आणि कुणाला नाही हे ठरवणं क्रूर होतं. सगळ्यांना आत घेण्याचा निर्णय म्हणूनच योग्य आहे. त्यातला धोका मात्र खरा आहे. खाटा आणि रुग्णालयं वाढली नाहीत, तर ओळख-पाळख असलेली घरं पुढे सरकतील आणि ज्यांच्यासाठी योजना सुरू झाली ती मागे पडतील. त्यावरचा उपाय रुग्णालयं वाढवणं हा आहे. रंग बघून माणसं परत पाठवणं हा नव्हे.

याच गोंधळाचं एक उपकथानक आहे तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं. रुग्ण खाटेवर असताना घरची माणसं दाखल्यासाठी तहसीलात रांगा लावतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की फुले योजनेला दाखला लागतो. तो लागतो धर्मादाय रुग्णालयांच्या राखीव खाटांसाठी. तो संपूर्ण वेगळा हक्क आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार आहे. मुख्यमंत्री सहायता निधीलाही दाखला जोडावा लागतो. तिन्ही गोष्टी एकाच रुग्णालयात, एकाच आठवड्यात कानावर पडतात आणि त्यांची सरमिसळ होते. क्रम लक्षात ठेवणं सोपं आहे: आधी फुले योजनेत उपचार बसतो का ते विचारावं. बसत नसेल, तर रुग्णालय धर्मादाय आहे का ते विचारावं आणि दाखल्याची धावपळ तेव्हा करावी.

बाकीचे समज थोडक्यात सांगता येतील. पाच लाख माणशी मिळतात, हे चूक: ते सगळ्या कुटुंबाला मिळून वर्षाला मिळतात, आणि रोख कुणाच्याच हातात पडत नाहीत. आधीपासून असलेला आजार चालत नाही, हा खासगी विम्याचा अनुभव इथे लागू नाही. इथे पहिल्या दिवसापासून जुना आजार चालतो. योजना फक्त सरकारी दवाखान्यांत आहे, हेही खरं नाही, खासगी रुग्णालयं तिच्यात मोठ्या संख्येने आहेत. सगळे आजार तिच्यात येतात असं मात्र नाही: २०२४ च्या विस्तारात १,३५६ उपचारांची यादी होती, ती आणखी वाढवण्याचा निर्णय पुढे झाला, तरी बाह्यरुग्ण विभागातली साधी तपासणी आणि औषधं तिच्यात बसत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट आहे, हे ऑक्टोबर २०२४ पासून चूक ठरलं आहे; केंद्राच्या योजनेत त्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांचं संरक्षण आहे, आणि त्यांच्यासाठी वेगळं आयुष्मान वय वंदना कार्ड खरोखरच काढावं लागतं. गोव्यातल्या नातेवाइकांकडून ऐकलेले नियम इथे लावू नयेत, कारण तिथली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना स्वतंत्र आहे आणि तिच्यासाठी कार्ड काढून ठेवावंच लागतं.

एक समज मात्र एका ओळीत सोडून चालणार नाही, कारण तो पहिल्याइतकाच महागात पडतो: ‘आत्ता पैसे भरू, नंतर योजनेतून परत घेऊ.’ परत मिळत नाहीत. ही योजना रोकडरहित आहे, आधी भरलेल्या बिलाची नंतर भरपाई करण्याची तरतूद तिच्यात नाही. घाबरलेलं कुटुंब अनामत भरतं, शस्त्रक्रिया होऊन जाते, आणि डिस्चार्जच्या दिवशी कुणीतरी आरोग्यमित्राचा पत्ता सांगतं. तेव्हा फार उशीर झालेला असतो. उलट, मंजूर झालेल्या उपचारात खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, रुग्णाचं जेवण आणि घरी जाण्याचं भाडंसुद्धा धरलेलं असतं. त्यावर वेगळे पैसे मागणारं अंगीकृत रुग्णालय नियम मोडत असतं, आणि अशी वसुली होते हे महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालात नोंदलेलं आहे. म्हणून पावती फाडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: हे रुग्णालय योजनेत आहे का, हा उपचार इथे योजनेतून होतो का, आरोग्यमित्र कुठे बसतो. उत्तर मिळालं नाही तर तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करावा. आणि आज घरात सगळे धडधाकट असतील, तर आजच रेशनकार्ड बाहेर काढून बघावं की त्याला बारा अंकी क्रमांक आहे का, घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यावर चढलं आहे का, आणि आधारवरच्या नावाशी ते जुळतं का.