‘श्रिफ्ट’ : पापनिवेदनवाचक एका जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थविचार

इंग्रजी वृत्तपत्रांत ‘शॉर्ट श्रिफ्ट’ हा वाक्प्रचार अधूनमधून आढळतो. एखाद्याच्या म्हणण्याची दखल न घेता त्याची वासलात लावणे, हा त्याचा आजचा अर्थ. गोंदियात अर्थपरिवर्तनाचा पाठ देत असता एका विद्यार्थ्याने यातील ‘श्रिफ्ट’ म्हणजे काय, असे विचारले. ‘कबुलीजबाब’ असे उत्तर मी देऊन गेलो. ते उत्तर अपुरे होते, एवढेच नव्हे तर दिशाभूल करणारे होते, हे मागाहून ध्यानात आले.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणे या धातूत आहे. जर्मानिक भाषांनी तो फार प्राचीन काळी उसना घेतला. जर्मन भाषेत त्याचा ‘श्राइबेन’ झाला व अर्थ लिहिणे हाच राहिला. इंग्रजीत मात्र लिहिण्यासाठी ‘राइट’ हा स्वतःचा शब्द होता. त्यामुळे उसन्या धातूस निराळे काम मिळाले : ठरवून देणे, नेमून देणे. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन काव्यात नियतीने वीराच्या वाट्यास जय नेमून दिला नाही, हे सांगताना हेच क्रियापद योजिले आहे.

लिहिण्यापासून नेमण्यापर्यंतची ही वाटचाल मराठी वाचकास परकी वाटू नये. जन्मानंतर सटवाई बालकाच्या कपाळी जे लिहिते, ते त्याच्या वाट्यास येते, अशी आपली लोकसमजूत आहे. डॉक्टर औषध ‘लिहून देतात’, तेव्हाही लेखनापेक्षा आज्ञाच महत्त्वाची असते. इंग्लंडातील धर्मगुरूही पाप ऐकून असेच काही नेमून देई : इतके दिवस उपवास, इतक्या प्रार्थना. कोणत्या पापास कोणते प्रायश्चित्त, हे सांगणाऱ्या ग्रंथास जुन्या इंग्रजीत ‘स्क्रिफ्टबोक’ म्हणत. अशा नियमांचा एक प्रसिद्ध संग्रह कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर (अधिकारकाल ६६८ ते ६९०) याच्या नावावर मोडतो.

तेव्हा ‘श्रिफ्ट’ म्हणजे मुळात प्रायश्चित्त, अर्थात ऐकणाऱ्याची कृती. पुढे तो शब्द बोलणाऱ्याच्या कृतीस, पापनिवेदनास, लागला. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंतास वर्षातून एकदा तरी पापनिवेदन आवश्यक केले. उपवासपर्वाच्या आदल्या मंगळवारच्या ‘श्रोव्ह ट्यूजडे’ या नावात हा धातू टिकून आहे. देहदंड झालेल्यास वधापूर्वी पापनिवेदनासाठी मिळणारा अल्प अवधी म्हणजे ‘शॉर्ट श्रिफ्ट’. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात तो याच क्रूर अर्थाने येतो. अन्यत्र ‘कन्फेशन’ या लॅटिन वंशाच्या, फ्रेंचमार्गे आलेल्या शब्दाने त्याची जागा घेतली. त्याच्या मुळाशी बोलणे आहे, लिहिणे नाही.

आता मराठीकडे वळू. ‘कबूल’ व ‘जबाब’ हे दोन्ही शब्द अरबी मूळाचे, फारसीच्या द्वारे आलेले. जबाब म्हटले की प्रश्न आला आणि प्रश्न विचारणारा अधिकारीही आला. शेतसाऱ्याच्या व्यवहारात पट्ट्याच्या बदल्यात लिहून घेतली जाणारी ‘कबुलायत’ याच कुळातली. १८७२ च्या पुरावा कायद्याप्रमाणे आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमाप्रमाणेही, पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. दंडाधिकारी तो लिहून घेतो. या शब्दास असा कचेरीचा वास आहे. कोणी आपण होऊन आपला दोष सांगितला व आपण त्यास ‘कबुलीजबाब’ म्हटले, तर त्या माणसास आपण नकळत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

गोव्याच्या कोकणीतील ‘कुमसार’ हा पोर्तुगीज ‘कोंफेसार’चा अवतार, तो चर्चपुरता राहिला. ‘श्रिफ्ट’च्या अधिक जवळ जाणारा शब्द जैन परंपरेत आहे. तेथे गुरूपुढे स्वतःचे दोष उघड करणे म्हणजे ‘आलोचना’, आणि तत्त्वार्थसूत्रातील प्रायश्चित्ताच्या नऊ प्रकारांत तिचा क्रम पहिला आहे. निवेदन व प्रायश्चित्त येथे एकाच मालिकेत बसले आहेत. दुर्दैवाने हिंदीच्या प्रभावाने ‘आलोचना’ म्हणजे दुसऱ्याचे दोष काढणे, असाच अर्थ आता सामान्य वाचकास सुचतो.

त्या विद्यार्थ्यास मी पुढील तासास सुधारून उत्तर दिले : जुन्या ग्रंथांत ‘श्रिफ्ट’साठी ‘प्रायश्चित्त’, उत्तरकालीन वाङ्मयात ‘पापनिवेदन’, आणि ‘कबुलीजबाब’ केवळ न्यायालयापुरता. ‘शॉर्ट श्रिफ्ट’ला मराठी पर्याय अद्याप सापडलेला नाही.