पाळी गेल्यानंतर हार्मोनची गोळी आणि बीपी

पाळी थांबल्यावर अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने झोपमोड होणे हा त्रास आपल्या घरातल्या अम्मी, खाला मुकाट्याने सोसतात. काही जणी डॉक्टरांच्या सल्ल्याने हार्मोनचे औषध घेतात. औषधाने आराम पडतो, पण ते कोणत्या रूपात घेतो, याचा बीपीशी संबंध आहे.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात 45 वर्षांवरील 1 लाख 12 हजारांहून अधिक महिलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, इस्ट्रोजेनची गोळी घेणाऱ्यांना उच्च रक्तदाबाचा धोका त्वचेवरून औषध घेणाऱ्यांपेक्षा 14 टक्के जास्त दिसला. गोळी पोटातून आधी यकृतात जाते. तिथे रक्तदाब वाढवायला हातभार लावणारे एक प्रथिन जास्त तयार होते. पट्टी किंवा जेलमधले औषध त्वचेतून सरळ रक्तात उतरते.

म्हणून औषध सुरू करण्याआधी बीपी मोजून घ्या, नंतरही मोजत राहा. बीपी आधीपासून असेल तर डॉक्टरांना सांगा, पट्टी किंवा जेल चालेल का ते विचारा. मनाने गोळी सुरू करू नका, बंदही करू नका. आपण घरच्यांनीच अम्मीकडे हा विषय काढू या. यात लाजण्यासारखे काही नाही.