वर्ध्याएवढ्या देशाचे अकरा जण

२०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख भरली. मॉरिशसची आज साडेबारा लाखांच्या आसपास आहे. क्षेत्रफळात तर आपला जिल्हा त्या देशाच्या तिप्पट. आता आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळीच्या मैदानांवरून अकरा पोरं निवडायची आणि त्यांना इजिप्त-सेनेगलसमोर उभं करायचं, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. ‘क्लब एम’ या नावाने ओळखला जाणारा मॉरिशसचा राष्ट्रीय संघ वर्षानुवर्षं हेच करत आला आहे.

वर्ध्याला हा देश अगदी परका नाही. जानेवारी १९७५ मध्ये नागपुरात पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, त्याचा सगळा घाट वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने घातला होता. त्याला मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम आले होते. त्यांच्या देशाचा फुटबॉल संघ तेव्हा ऐन भरात होता. जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, मार्च १९७४ मध्ये, तो इजिप्तला आफ्रिकी राष्ट्रचषकाच्या मुख्य फेरीत खेळून आला होता. आठच संघ होते आणि त्यांत स्वतंत्र होऊन सहा वर्षं झालेला हा ठिपका! तिन्ही सामने हरला, दोन गोल केले, आठ खाल्ले. पण ज्या झाईरकडून ४–१ असा मार बसला, त्यानेच ती स्पर्धा जिंकली आणि पुढे त्याच वर्षी विश्वचषकही खेळला. मॉरिशसला ती फेरी पुन्हा गाठता आलेली नाही.

त्या काळी बेटावर रविवारी मैदानं ओसंडून वाहायची. कारण सरळ होतं, आणि थोडं भीतिदायकही. क्लब जातकुळीवर उभे होते. हिंदूंचा हिंदू कॅडेट्स, मुसलमानांचा मुस्लिम स्काउट्स, तमिळांचा तमिळ कॅडेट्स, फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा डोडो क्लब. फायर ब्रिगेडच्या मागे बहुतेक क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाचा समाज. उसाच्या मळ्यांसाठी जहाजांनी आणलेली माणसं, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकण-साताऱ्याकडची मराठी कुटुंबंही आली, वेगवेगळ्या वस्त्यांत राहिली आणि खेळतानाही वेगळीच राहिली. एकाच रंगाचा सदरा सगळ्यांच्या अंगावर चढायचा तो फक्त राष्ट्रीय संघाचा. एरवी एकमेकांचे पाय तुडवणारे तिथे एकमेकांना पास द्यायचे.

सरकारने पुढे क्लबांच्या नावांतून धर्म-जात काढायला लावली. नावं बदलली, गर्दी तीच राहिली. मग २३ मे १९९९ आला. विजेतेपदाच्या सामन्यात फायर ब्रिगेडने स्काउट्सला हरवलं आणि पोर्ट लुईसमध्ये दंगल उसळली. लामिकाल नावाच्या जुगारघराला आग लावली गेली. आत सात माणसं जळून मेली, त्यांत लहान मुलंही होती. फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेल्यावर पेटलेली दंगल अजून लोकांच्या डोक्यातून गेली नव्हती. सरकारने लीग थांबवली आणि ती पुन्हा सुरू केली ती प्रदेशवार क्लबांची.

निर्णय चुकला असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण प्रेक्षक मैदानावरून उठला तो परत आला नाही. गावाच्या नव्या क्लबासाठी कुणाचा जीव तळमळत नाही. शनिवारी लोक दूरचित्रवाणीवर लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड बघतात. लीगमध्येच जान नसेल तर राष्ट्रीय संघाला खेळाडू कुठून मिळणार? तरीही २००३ च्या हिंदी महासागर बेटांच्या क्रीडास्पर्धेत, घरच्या मैदानावर, या संघाने फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं. त्याआधीचं सुवर्ण १९८५ चं, तेही घरच्याच मैदानावरचं. आणि मैदानांचंच म्हणाल तर, देशातल्या एका मोठ्या स्टेडियमला अंजले कुपेनचं नाव आहे. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेलच्या मळ्यात संप चालू असताना पोलिसांच्या गोळीबारात मेलेली ती गरोदर मजूर. आपल्याकडे स्टेडियमांना कुणाची नावं देतात ते आठवून पाहा.

हा संघ महाराष्ट्रातही येऊन गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारत, मॉरिशस आणि त्याहून कितीतरी लहान असलेला सेंट किट्स व नेव्हिस अशी तिरंगी मालिका झाली. बाहेर गणपतीची लगबग होती. गणेशचतुर्थीला तिकडेही सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा पाहुण्यांना ती परकी वाटली नसावी. पहिला गोल मॉरिशसनेच केला. मग रॉबिन सिंगने बरोबरी साधली, बलवंत सिंगने दुसरा मारला आणि भारत २–१ असा सुटला.

सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादला, आणखी एका तिरंगी स्पर्धेत, पुन्हा गाठ पडली. जागतिक क्रमवारीत भारत १२४ व्या क्रमांकावर, मॉरिशस १७९ व्या. भारताचे नवे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांचा पहिलाच सामना, आणि तो सुटला ०–०. नंतर तिसऱ्या संघाने, सीरियाने, मॉरिशसला २–० आणि भारताला ३–० असं हरवलं. म्हणजे त्या स्पर्धेत एकशेचाळीस कोटींच्या देशापेक्षा या साडेबारा लाखांच्या देशाने एक गोल कमीच खाल्ला.